नमुन्याचं गाव

मटणाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेतला सगळ्यात वरचा माणूस चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारा असावा, हे आमच्या हैदराबादेतच घडू शकतं. आणि त्यात कुणाला काही वावगं वाटू नये, हेही इथंच. कुकटपल्लीच्या कारखान्यांच्या गल्लीत, एका रंगाच्या गोदामावर आमची लॅब होती. तिथं मी नोकरीला लागले तेव्हा सर तिथं इतके जुने झाले होते, की नवं यंत्र आलं तर ते यंत्रच सरांना बिचकून असतं असं सगळे म्हणायचे. तेलुगू मंडळी त्यांना 'पंतुलुगारू' म्हणत, नमुने कापणारे याकूबभाई 'पंडितसाब' म्हणत. मी मराठी म्हणून नुसतं 'सर' म्हणायची. ते मला 'बाई' म्हणायचे. मी तेव्हा जेमतेम पंचविशीची होते, पण सरांच्या लेखी पदवी घेतलेली प्रत्येक मुलगी बाईच.

आमचं काम काय, ते आधी सांगते. कारण मी ते सांगायला लागले की पाहुणे चहाचा कप खाली ठेवतात. एखादं मटण शेळीचं की मेंढीचं हे शोधणं सोपं. ते कुठलं, हे शोधणं आमच्याकडं. जनावर जे खातं आणि जे पाणी पितं, त्याची खूण त्याच्या अंगात उतरते. कडबा खाल्लेल्या शेळीचा कार्बन वेगळा, झाडपाला खाल्लेलीचा वेगळा. पाण्यातून नदीची, विहिरीची खूण येते. आणि मातीखालचा दगड झिजून पाण्यात, चाऱ्यात उतरतो, त्याचा अंशही मांसात सापडतो. बिदर, उदगीरकडचा काळा दगड वेगळं बोलतो, हैदराबादचा ग्रॅनाइट वेगळं बोलतो. यंत्रं हे सगळं मोजतात आणि आम्ही जनावराचं गाव सांगतो. सर हे एका वाक्यात सांगत: "जनावर पाणी पिताना थोडा दगड पण पीत असतंय, बाई."

'मटण' हा शब्द सरांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्यांच्याकडं फक्त नमुने असत. नमुन्यांशी ते अदबीनं वागत. "हे गृहस्थ कडब्यावर वाढलेत." "ह्या बाई महबूबनगरकडच्या दिसायल्यात, पण उन्हाळ्यात कुठंतरी हिंडून आल्यात." नमुना कापायची वेळ आली की याकूबभाई सुरी घेत आणि सर भिंतीकडं तोंड करून उभे राहत. तिथूनच सूचना सुरू. "चरबी नको. आतलं घ्या. अजून आतलं." याकूबभाई म्हणायचे, "पंडितसाब, एक बार मुड के देख लो, मेरा भी हौसला बढ़ेगा." सर भिंतीला सांगायचे, "हौसला तुम्हारे पास बहुत है, याकूबभाई. मेरे पास नक्को देव." कापलेला तुकडा वाटीत जाऊन पांढरी भुकटी होऊन येईपर्यंत ते वळत नसत. भुकटी झाली की मात्र तिच्यावर असे वाकत, जसे काही पूजेचं साहित्य मांडलंय.

त्यांच्या डब्यात बहुतेक कारळ्याची चटणी असायची. जेवायला ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसत, लॅबकडं पाठ करून. जेवणाआधी कोपरापर्यंत हात धुणं हा एक सोहळाच होता. आमच्याकडच्या नळाला त्यांच्यामुळं कधी गंज चढला नाही, असं याकूबभाईंचं मत होतं. रमजानमध्ये याकूबभाई त्यांच्यासाठी कोऱ्या डब्यात खजूर आणत. सर खजूर घेत, कपाळाला लावत आणि बी चघळत विचारत, "हे कुठले?" याकूबभाई म्हणत, "मदीने के." सर बी रुमालात बांधून ठेवत. पुढच्या आठवड्यात यंत्र रिकामं मिळालं की बी तपासून येत आणि याकूबभाईंना हळूच सांगत, "दुकानदार बदला."

माझी मुलाखतही अशीच झाली. लॅबचे मालक शेजारी बसून माझे मार्क बघत होते. सरांनी मला एकही रसायनशास्त्राचा प्रश्न विचारला नाही.

"लहानपणी पाणी कुठलं प्यायलीस?"

"विहिरीचं, सर. भालकीजवळ आमचं शेत आहे. नंतर वडील इथं नोकरीला आले, मग नळाचं."

"विहिरीत दगड कसला होता? काळा का तांबूस?"

"काळा."

"मग ठीकाय," असं म्हणून ते मालकांकडं वळले. "घ्या हिला. नमुना चांगलाय."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, की पगार तरी माणसांसारखा देणार का.

कोण कुठलं, हा त्यांचा आजारच होता म्हणा ना. भाजीवालीला, रिक्षावाल्याला, बँकेतल्या मुलीला, सगळ्यांना विचारत. पण त्यांना कुणी विचारलं की मात्र चिडत. त्यांचं घराणं इथल्याच नारायणगुड्याचं. निजामाच्या काळापासून कुणी कचेरीत, कुणी शाळेत, कुणी कोर्टात. पुण्याला एका लग्नात वधूपक्षाच्या काकांनी त्यांना विचारलं, "हैदराबाद ते झालं हो. पण तुम्ही मूळचे कुठले?" सर म्हणाले, "हैदराबादचे." काका म्हणाले, "ते कळलं, पण मूळचे?" सर जेवणावरून उठले नाहीत, पण जिलबी घेतली नाही. परत आल्यावर त्यांनी याकूबभाईंकडून डोक्यामागचे चार केस कापून घेतले आणि यंत्रात घातले. निकाल आला तेव्हा लॅबभर फिरले. "बघ बाई. ज्वारी, शेंगदाणे, आणि मांजरा नदीचं पाणी. पुण्याचा लवलेश नाही." तो निकाल त्यांनी त्या काकांना पोस्टानं पाठवला. उत्तर आलं नाही, याचा त्यांना फार आनंद झाला.

"जिभेचं ऐकू नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. ग्राहक येऊन म्हणाला, की साहेब, खाल्ल्यावर कळतं हो हे गावाकडचं आहे, की सर हसत. "जिभेला काय कळतंय? तिला मसाला लावा, ती कायपण सांगते. दगडाला मसाला लागत नाही. दगड खोटं बोलत नाही." चारा चुकवता येतो, पाणी बदलता येतं, पण दगड बदलता येत नाही, असा त्यांचा ठाम विश्वास होता. तिघांत मतभेद झाला तर सर दगडाच्या बाजूनं निकाल देत. याच विश्वासानं त्यांचा एकदा घात केला.

सुमनताई आमच्याच कुकटपल्लीत राहायच्या. बिदरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथं आल्या, नवरा बसकंपनीत होता, तो गेल्यावर त्यांनी घरी मटणाचं लोणचं घालून विकायला सुरुवात केली. मग कॉलनीतल्या दोघी-तिघी बायका हाताशी आल्या, मागचा पत्र्याचा हॉल भाड्यानं घेतला. मटण त्यांच्या भावाकडून यायचं. तो गावी शेळ्या राखायचा आणि आठवड्याला बर्फात घालून गाडीवर चढवायचा. शहरातल्या एका मोठ्या दुकानदारानं ते लोणचं दुकानात ठेवायचं कबूल केलं. बरणीवर 'काळ्या रानातल्या शेळीचं लोणचं' असं छापायचं, असं ताईंनी सुचवलं, कारण ते खरंच तसं होतं. दुकानदार म्हणाला, छापा, पण लॅबचा दाखला आणा.

ताई स्वतः नमुना घेऊन आल्या. आम्ही सांगितलं होतं, की नमुना कच्चा हवा, मीठमसाला न लावलेला. त्यांनी अगदी तसाच आणला होता. सरांनी तीन वेळा तपासला. चारा म्हणत होता कडबा, बरोबर. पाणी म्हणत होतं बिदरकडचं, बरोबर. दगड म्हणत होता हैदराबाद. चकचकीत, निखळ ग्रॅनाइट. सरांनी दोन दिवस अहवाल अडवून ठेवला. मग त्यांनी दगडाचं ऐकलं. 'दावा केलेल्या भागातला नाही, शहराच्या आसपासचा दिसतो,' असा अहवाल त्यांच्या सहीनं दुकानदाराकडं गेला.

तिसऱ्या दिवशी सुमनताई आल्या. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, मी पाण्याचा ग्लासही भरून ठेवला. पण त्या बाहेरच्या बाकड्यावर पदर सावरून बसून राहिल्या. दुपारी सर हात धुवायला निघाले तेव्हा त्या उठल्या.

"साहेब, दुकानवाल्यानं नको म्हणलं, ते जाऊ द्या. पण भावाला मी काय सांगू? माझ्या शब्दावर त्यानं हरभरा मोडून चारा लावलाय. आता गावात म्हणायलेत, की बहीण बाजारातलं मटण आणून आमच्या नावावर खपवायली. भाऊ फोनवर बोलतच नाही."

सर म्हणाले, "ताई, यंत्र सांगतंय."

"यंत्राला माझं घर माहीत आहे का? तुम्हाला तरी माहीत आहे का?" असं म्हणून त्या पायऱ्या उतरून गेल्या.

त्या दिवशी सर जेवले नाहीत. डबा तसाच झाकून ठेवला. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, चारा खरं बोलतोय. पाणी खरं बोलतंय. दगड एकटा वेगळं बोलायलाय. तिघांत एक जण बाहेरून आलेला आहे. आणि मी त्याच्याच नावानं सही केली. उद्या चल माझ्याबरोबर."

जिथं मटण शिजतं अशा घरात सरांनी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. याकूबभाईंच्या मुलीच्या लग्नालासुद्धा ते मंडपाबाहेर खुर्ची टाकून बसले होते, आणि याकूबभाईंनी तिथंच त्यांना फळं आणून दिली होती. आता ते सुमनताईंच्या पत्र्याच्या हॉलसमोर उभे होते. नाकाला रुमाल, कपाळावर गंध, आणि देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढलेल्या. मी म्हटलं, "सर, चपला राहू द्या, आत ओलं असेल." ते म्हणाले, "सवय आहे," आणि अनवाणीच आत गेले.

आत सगळं लखलखीत होतं. मसाल्याचे डबे, तेलाचे पिंप, कढया उपड्या घातलेल्या. ताई आम्हाला पाहून ताठ झाल्या, पण पाणी विचारलं. सरांनी चारी बाजूंना पाहिलं आणि त्यांची नजर कोपऱ्यातल्या दगडावर थांबली. बाजेएवढी रुंद तांबूस ग्रॅनाइटची फरशी, विटांवर ठेवलेली, आणि तिच्यावर एक जाड दगडी बत्ता.

"हे काय आहे?"

ताईंनी सांगितलं. शेजारच्या खालाजान पत्थर का गोश्त करायच्या, तेव्हा मटणाचे तुकडे दगडावर बडवून चपटे करायच्या. मटण त्यानं लोण्यासारखं मऊ होतं. तीच युक्ती ताईंनी उचलली. पहिल्यांदा तुकडे बडवायचे, मग बाकी सगळं. कुणाच्या तरी ओट्याची उरलेली फरशी स्वस्तात मिळाली होती, पण ती गुळगुळीत, तुकडे सटकायचे. मग दारावर पाटे टाकणारी टाकीवाली आली तेव्हा तिच्याकडून ताईंनी फरशी छिन्नीनं पाट्यासारखी टाकवून, खडबडीत करून घेतली.

"केव्हा?" सर म्हणाले.

"तुमच्याकडं नमुना आणायच्या आदल्या दिवशीच की."

"आणि नमुना बडवून दिलात?"

"मग? कच्चा पाहिजे म्हणला तुम्ही. कच्चाच होता. मीठसुद्धा लावलं नाही."

सर फरशीपाशी गेले. टाकीचे पांढरे ठिपके अजून ताजे दिसत होते. ते वाकले. आणि मग त्यांनी जे केलं ते मी माझ्या नातवंडांनाही सांगणार आहे. आमच्या घरांत पाटा टाकवला की पहिलं वाटण टाकून देतात, कारण त्यात दगडाची कच येते. दुसऱ्या वाटणाच्या वेळी बाई पाट्यावरून बोट फिरवते आणि जिभेवर ठेवून बघते, कच गेली का. सरांची आई असंच करत असणार. सरांनी फरशीवरून बोट फिरवलं, बोट जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "कच लागतीय."

सुमनताईंच्या हातातला ग्लास हातातच राहिला. सरांनी डोळे उघडले, आमच्या तोंडांकडं पाहिलं, मग फरशीकडं, मग स्वतःच्या बोटाकडं. हळूहळू त्यांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळायला लागलं. ते न धावता, पण फार भराभर, मागच्या नळावर गेले. तिथून बराच वेळ खळखळून चूळ भरल्याचा आवाज येत राहिला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, म्हणून मी मसाल्याच्या डब्यांची झाकणं वाचत उभी राहिले.

सर परत आले तेव्हा मिशा ओल्या होत्या, पण आवाज नेहमीचा होता. "ताई, पहिलं वाटण टाकून द्यायचं असतंय, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की, साहेब. पण टाकून द्यायला ते काय खोबरं आहे का? मटण आहे."

सरांनी मान डोलावली. यात त्यांना काही खोट काढता आली नाही.

भावानं नवं मटण पाठवलं, ते थेट गाडीवरून आमच्याकडं आलं. याकूबभाईंनी कापलं, सर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. या वेळी चारा, पाणी आणि दगड तिघंही एका सुरात बोलले. बिदरकडचं काळं रान. मी खुशीत मालकांकडं कागद घेऊन गेले. मालक हुशार माणूस. म्हणाले, "छान. नवा अहवाल द्या. फक्त जुना चुकला असं लिहू नका, लॅबचं नाव जाईल. पहिला नमुना दुसरा होता, हा दुसरा आहे, एवढंच म्हणा."

सर समोरच होते. "असं म्हणलं तर ती बाई पहिल्यांदा खोटी बोलली असं होतंय."

"असं कुणी म्हणणार नाही हो."

"गावात म्हणायलेत," सर म्हणाले. "मी आबिड्सला दुकानदाराच्या ऑफिसात जाऊन सांगून येतो. लॅबचं नाव नको, माझं घ्या."

मालकांनी त्यांना नाराजीनं जाऊ दिलं. जाताना मला डोळ्यानं खुणावलं, की सांभाळ.

दुकानदाराचं ऑफिस आबिड्सला एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. खरेदी बघणारा तरुण तेलुगू मॅनेजर होता. टेबलावर व्यंकटेश्वराची तसबीर, शेजारी दहीभाताचा डबा. सरांचं गंध बघून त्यानं आधी नमस्कार केला आणि मटणाचा विषय निघताच संकोचून म्हणाला, "मैं भी नै खाता, सर. सिर्फ बेचता." सरांनी त्याला सगळं सांगितलं. फरशी, टाकी, दगडाची भुकटी, आपली चुकीची सही. मध्ये एकदाही त्यांनी यंत्राला दोष दिला नाही.

मॅनेजरनं शांतपणे ऐकून घेतलं. तो काही वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या जागी मी असते तरी मी तेच विचारलं असतं. "सर, पैला रिपोर्ट गलत था बोल रहे आप. उसपे भी आपकीच साइन थी. फिर ये दूसरा सही है, मैं कैसे मानूं?"

मालक हेच म्हणत होते, एकदा चुकलो म्हटलं की पुढचं कुणी ऐकत नाही. मला सुमनताईंचा तो न बोलणारा भाऊ दिसायला लागला. सरांनी खिशातून रुमाल काढला, उगीचच घडी उलगडली, परत घातली.

"पैला रिपोर्ट मशीनपे बैठ के दिया था, बेटा," ते म्हणाले. "इस बार मैं उनके घर गया. जिस पत्थर पे गोश्त कूटते, उसपे उंगली फेरा." त्यांनी तेच बोट वर केलं. "और चख के देखा."

'गोश्त' म्हणाले. मराठीत नाही, पण म्हणाले. मॅनेजर त्यांच्या गंधाकडं बघत राहिला. मग त्यानं आपल्या दहीभाताच्या डब्याकडं पाहिलं, आणि मला कळलं, की या शहरात या वाक्याची किंमत ज्याला नीट कळेल असा हाच एक माणूस आमच्या नशिबी आला होता. त्यानं आणखी काही विचारलं नाही. नवा दाखला ओढून घेतला आणि म्हणाला, "उन अम्मा को बोलो, लेबल छापने देव. गाँव का नाम भी डालना बोलो, बड़ा लिखके."

मी जिन्यातूनच ताईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "ठेवते, भावाला लावते." मला इतका आनंद झाला होता, की सर मागं राहिलेत हे खालच्या मजल्यावर आल्यावर लक्षात आलं. वर जाऊन बघते तर ते पायरीवर बसले होते, भिंतीला टेकून. दगड चाखल्याचं एका परक्या माणसाला त्यांनी सांगितलं होतं, घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांची इतकी माया आली, की काहीतरी धीराचं बोलल्याशिवाय राहवेना.

"सर, एवढं मनाला लावून घेऊ नका. ताईंनी फरशी धुतलेली होती. मी बघितली, चांगली धुतलेली होती."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी थोडा विचारही केला असावा, कारण मोह मोठा होता. मग त्यांनी हळूच मान हलवली.

"धुतल्यानं अंश जात नाही, बाई," ते म्हणाले. "जात असता तर तुला-मला कुणी नोकरी दिली नसती."